घाण्याचं भागीदारी पत्र: ऑगस्ट ते जानेवारी

करडईचा लाकडी घाणा तिघांनी मिळून टाकायचा, असं ठरलं ते १० ऑगस्ट २०२५ ला. भागीदारी संस्थेच्या नोंदणीचा दाखला हातात आला ९ जानेवारी २०२६ ला. पाच महिने. त्यातले दोन महिने कागद बँकेत आणि सरकारात फिरण्यात गेले, तीन आमचे आपसातले आकडे ठरवण्यात. पहिल्या तीन महिन्यांबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून त्याबद्दल जास्त लिहितो.

आमच्याकडे भागीदारी म्हटलं की डोळ्यांसमोर बटई येते. बी निम्मं, खत निम्मं, मळणी झाली की खळ्यावरच वाटणी. कागद कुणी करत नाही आणि बहुतेक वेळा अडतही नाही, कारण हंगाम संपला की हिशोबही संपतो. घाण्याचं तसं नाही. करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते, तेव्हाच वर्षभराचा माल घेऊन ठेवावा लागतो आणि तेल विकलं जातं पुढच्या शिमग्यापर्यंत. मध्येच कुणी म्हणालं, ‘माझे पैसे काढून द्या’, तर पैसे पोत्यात अडकलेले असतात. बटईचा तोंडी हिशोब इथे लावला की भांडण ठरलेलं.

तिघं म्हणजे मी, दाजी आणि एका मित्राच्या घरातून वहिनी. शेड लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात, दाजींच्या गावी. मित्र जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. पैसा लावायची खरी इच्छा त्यांची होती, पण सरकारी नोकराला खासगी धंद्यात भागीदार होता येत नाही. मग वहिनींचं नाव पुढे आलं. ‘नुसतं नावाला’ हा शब्द बैठकीत दोनदा निघाला आणि तो तिथेच खोडावा लागला. भागीदारी कायदा १९३२ चा. त्यात नावाचा भागीदार आणि खरा भागीदार असा फरक नाही. संस्थेचं कर्ज थकलं तर कर्ज देणारा तिघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो, वाट्यापुरती नाही. वहिनींनी हे समजून ‘हो’ म्हटलं पाहिजे, मास्तरांनी नाही. पुढच्या सगळ्या बैठका मग त्यांच्याच घरी ठेवल्या. आणखी एक गोष्ट सीएनं नंतर सांगितली: पैसे मुळात नवऱ्याने बायकोला दिलेले असतील, तर त्या भांडवलावर मिळणारं व्याज आयकरात नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. पगारदार माणसाने हे आधीच विचारून घ्यावं.

पहिल्या बैठकीत वहीवर चार रकाने पाडले: पैसा, जागा, कष्ट, ओळख. कोण काय आणणार ते ज्याच्या त्याच्या तोंडून लिहून घेतलं. पैशाचा रकाना लगेच भरला: वहिनी ३ लाख, मी २ लाख, दाजी १ लाख. एकूण ६ लाख. अडलं जागेपाशी. दाजींचं म्हणणं, शेड तीन लाखांची आहे, ती माझं भांडवल धरा. ऐकायला रास्त वाटतं. पण शेड संस्थेत भांडवल म्हणून आणली की ती संस्थेची मालमत्ता होते. उद्या संस्था मोडली तर ती विकून आधी देणी भागवावी लागतात. शिवाय महाराष्ट्रात रोख सोडून दुसरी मालमत्ता भांडवल म्हणून आणली, तर तिच्या बाजारभावावर खरेदीखताला लागतं तेवढं मुद्रांक शुल्क लागतं. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव दाजींच्या वडिलांचं. म्हणजे ती शेड दाजींना आणताच आली नसती. तोडगा साधा निघाला: जागा वडिलांचीच राहील, संस्था महिना ३,००० रुपये भाडं देईल, वडील संमतीपत्र देतील. संमतीपत्र, नमुना ८ चा उतारा आणि लाइटबिल ही त्रिकूट पुढे बँकेत, पॅनला, नोंदणीला सगळीकडे लागली. तिन्हींवर नाव एकसारखं आहे का ते आधी बघा. आमच्या लाइटबिलावर आडनावच नव्हतं. ते दुरुस्त करून घेण्यात वीस दिवस गेले.

नफ्याच्या वाटणीला तीन बैठका लागल्या. पैसा वहिनींचा जास्त, कष्ट माझे आणि दाजींचे. भांडवलाच्या प्रमाणात वाटलं तर कष्ट फुकट. सारखं वाटलं तर पैसा फुकट. पत्रात काहीच लिहिलं नाही तर कायदा सांगतो की नफा-तोटा सगळ्यांचा सारखा आणि कामाचा पगार कुणालाच नाही. बहुतेक तोंडी भागीदाऱ्या इथेच फाटतात, कारण रोज घाण्यावर उभा राहणारा वर्षभर गप्प बसतो आणि पाडव्याला बोलतो.

उपाय जुनाच आहे. आधी भांडवलाला व्याज, मग कष्टाला मेहनताना, आणि उरेल तो नफा सारखा. आकडे मांडल्याशिवाय हे कुणाला पटत नाही, म्हणून आम्ही एक काल्पनिक वर्ष मांडलं. समजा सगळा खर्च जाऊन ४,८०,००० राहिले. भांडवलावर १२ टक्के व्याज म्हणजे ७२,००० (वहिनी ३६,०००, मी २४,०००, दाजी १२,०००). मी आणि दाजी महिना १०,००० प्रमाणे मेहनताना, दोघांचे २,४०,०००. उरले १,६८,०००. यावर संस्थेला आयकर ३० टक्के आणि वर उपकर, म्हणजे ५२,४१६. संस्थेला वैयक्तिक करदात्यासारखी सूट नाही, पहिल्या रुपयापासून कर आहे. उरलेल्या १,१५,५८४ चे तीन वाटे, प्रत्येकी ३८,५२८. वहिनींना एकूण ७४,५२८, मला १,८२,५२८, दाजींना १,७०,५२८. हा कागद वहिनींनी दोन दिवस ठेवून घेतला आणि मग एकच प्रश्न विचारला: ‘तोटा झाला तर व्याज मिळणार का?’ प्रश्न बिनतोड होता. तोट्याच्या वर्षी व्याज दिलं तर ते बाकी दोघांच्या खिशातून जातं. मग लिहिलं की व्याज नफ्यातूनच, नफा पुरला नाही तर त्या प्रमाणात कमी, आणि राहिलेलं पुढच्या वर्षावर चढणार नाही.

१२ टक्के का, तर भागीदाराला दिलेलं व्याज आयकरात खर्च म्हणून साध्या व्याजाने तेवढ्यापर्यंतच धरतात. जास्त लिहिता येतं, उपयोग नाही. मेहनतान्यालाही मर्यादा आहे. व्याज वजा केल्यावरच्या पहिल्या ६ लाख नफ्यावर ३ लाख किंवा ९० टक्के, यातलं जे जास्त ते, आणि त्यापुढच्या नफ्यावर ६० टक्के. आमचे २,४०,००० त्यात आरामात बसतात. मात्र तो आकडा किंवा काढायची रीत पत्रात लिहिलेली हवी आणि मेहनताना घेणारा खरोखर काम करणारा हवा. ‘भागीदार वेळोवेळी ठरवतील तो मेहनताना’ हे वाक्य बाजारातल्या प्रत्येक तयार नमुन्यात असतं. ते तसंच ठेवलं तर आयकरवाले खर्च नाकारू शकतात.

१ एप्रिल २०२५ पासून आणखी एक नवीन काम मागे लागलंय. एका भागीदाराला वर्षात व्याज, मेहनताना वगैरे मिळून २०,००० च्या वर दिले, की संस्थेने १० टक्के टीडीएस, म्हणजे देतानाच आयकर, कापायचा. पैसे हातात दिले नाहीत, नुसते खात्यात जमा दाखवले तरी कापायचा. म्हणजे पॅनबरोबर टॅनही (टीडीएस कापणाऱ्याचा नंबर) काढावा लागतो. जुने भागीदारी पत्रवाले व्यापारी हे ऐकून हसतात, ‘आमच्या वेळी नव्हतं’ म्हणतात. खरंच नव्हतं.

सप्टेंबरात पावसाने सगळंच थांबवलं. सोयाबीन पाण्यात गेलं आणि माझे २ लाख त्या सोयाबीनवरच अवलंबून होते. ५ ऑक्टोबरच्या बैठकीत हप्त्याचं कलम घातलं: एक लाख सुरुवातीला, दुसरा लाख ३१ मार्च २०२६ पर्यंत. व्याज मोजायचं ते पैसे खात्यात प्रत्यक्ष जमा झाल्या तारखेपासून. ठरलेला हप्ता थकला तर तो जमा होईपर्यंत त्या भागीदाराला उचल नाही. मराठवाड्यात शेतीच्या भरवशावर भांडवल आणणाऱ्यांनी हे कलम घालावंच. पैसे उशिरा येणं हा इथे कुणाचा दोष नसतो, पण कागदावर सोय नसली की तो दोष ठरतो.

९ ऑक्टोबरला वकिलाकडे गेलो तेव्हा वहीत अठरा मुद्दे लिहिलेले होते. मुद्दे न नेता गेलात तर टायपिस्टच्या कम्प्युटरमधला नमुना निघतो, नावं बदलतात आणि छापून मिळतो. आम्हाला आधी तोच मिळाला. त्यात धंद्याचा उद्देश फक्त ‘तेल गाळप’ असा होता. धंद्याचं स्वरूप बदलायचं तर सगळ्यांची संमती लागते. उद्या हळद दळायची म्हटली तरी एकाने अडवलं की अडलं. म्हणून तेलबियांचं गाळप, पेंडविक्री, मसाले व धान्य दळण, शेतमालावर प्रक्रिया आणि पॅकिंग, आणि या अनुषंगाने येणारं काम, असं रुंद लिहून घेतलं.

नमुन्यात जे अजिबात नव्हतं ते घरी नेण्याच्या मालाचं. घाण्यात करडई टाकली की साधारण पाव हिस्सा तेल निघतं, उरते ती बहुतेक पेंड. गोठ्यात दोन म्हशी असलेल्या माणसाच्या दृष्टीने पेंड म्हणजे विकायचा माल नाही, रोजची गरज आहे. पाटीभर नेली तर कोण विचारणार? रोज एक पाटी म्हणजे वर्षाला किती, हे गुणून बघितल्यावर सगळे गप्प झाले. शेवटी कलम असं उतरलं:

‘कोणत्याही भागीदाराने घरगुती वापरासाठी तेल, पेंड अथवा बी नेल्यास ते वजन करूनच न्यावे व त्या दिवशीच्या किरकोळ विक्री दराने त्याची नोंद उचल वहीत स्वतःच्या सहीने करावी. अशी रक्कम त्या भागीदाराच्या मासिक मेहनतान्यातून अथवा नफ्याच्या हिश्श्यातून वळती केली जाईल. नोंद न करता माल नेल्याचे आढळल्यास दुप्पट दराने आकारणी होईल.’

दुप्पट दराचं वाक्य दाजींनी सुचवलं. गोठा त्यांचाच आहे.

उधारीचंही तसंच. एका गिऱ्हाइकाला ५,००० च्या वर किंवा ३० दिवसांपेक्षा जास्त उधारी द्यायची तर दोघांची सही. ज्याने एकट्याने दिली त्याने वसूल करायची, नाही झाली तर त्याच्या खाती पडेल. पाहुणे-रावळे हे निम्मे गिऱ्हाईक असतात, तिथे ‘कागदावर असंय’ एवढं म्हणता येणं फार कामाचं आहे.

बाहेर पडण्याचं कलम लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. पत्रात मुदत किंवा शेवट कसा करायचा ते लिहिलं नसेल, तर ती इच्छाधीन भागीदारी ठरते आणि कुणीही एक लेखी नोटीस देऊन संस्था विसर्जित करू शकतो. आमच्या धंद्यात मार्चमध्ये अशी नोटीस आली तर संपलंच. म्हणून तीन महिन्यांची लेखी नोटीस, आणि १ फेब्रुवारी ते ३१ मे या काळात नोटीस देता येणार नाही. हिशोब बंद होईल ३० सप्टेंबरला, तोवर बराच माल तेल होऊन विकलेला असतो. शिल्लक बी खरेदी किंमत आणि बाजारभाव यातल्या कमी असेल त्या दराने धरायचं. यंत्र घसारा वजा करून. जाणाऱ्याचे पैसे चार तिमाही हप्त्यांत. तुमचा धंदा दुसरा असेल तर महिने दुसरे येतील. मंडपवाल्यांना लग्नसराई, कृषी केंद्रवाल्यांना जून. पण पैसा सगळ्यात जास्त अडकतो तो काळ शोधून नोटीशीला त्यातून वगळा, तयार नमुन्यात हे कधीच नसतं.

मृत्यूचं कलम वकिलाने भराभर वाचून दाखवलं, आम्हीच थांबवलं. पत्रात वेगळं लिहिलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने संस्था संपते. तिघं असल्याने उरलेल्या दोघांनी चालू ठेवायची असं लिहिता आलं. वारसाला भागीदार करायचं की हिस्सा देऊन मोकळं करायचं, ते उरलेल्यांच्या आणि वारसाच्या संमतीने. दोघांच्याच भागीदारीत हे कलम निरुपयोगी आहे, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. तिथे वारसाला किती दिवसांत, कोणत्या हिशोबाने पैसे द्यायचे एवढंच नीट लिहावं.

१५ ऑक्टोबरला मसुदा हातात आला. सही करण्याआधी तो दोन ठिकाणी दाखवला, आणि दोन्हीकडे दुरुस्ती निघाली. सीएनं मेहनतान्याची भाषा बदलली. बँकेत चेकच्या कलमावर बोट ठेवलं. आम्ही लिहिलं होतं, २५,००० पर्यंत एका भागीदाराची सही, त्यावर दोघांची. बँकेचं म्हणणं, रकमेप्रमाणे सह्या तपासत बसणं होणार नाही, एक तर एकाची सही सांगा नाही तर दोघांची. आणि दोघांची सांगितली तर त्या खात्यातून यूपीआयने पैसे पाठवता येणार नाहीत, क्यूआरवर फक्त घेता येतील. करडई घेताना शेतकऱ्याला बांधावर पैसे पाठवायचे असतात. म्हणून काम करणाऱ्या दोघांपैकी कुणाही एकाची सही ठेवली. कर्ज, तारण, जामीन आणि एका वेळी ५०,००० च्या वरचं यंत्र किंवा वाहन यासाठी तिघांचीही लेखी संमती, हे वेगळं कलम. ते बँकेसाठी नाही, आपल्यासाठी. मसुदा आधी दाखवला नसता तर हेच दुरुस्तीपत्र करून करावं लागलं असतं.

आता बॉण्ड. ‘शंभराच्या बॉण्डवर करून टाकू’ हा सल्ला अजूनही गावोगाव मिळतो. ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक कामांना शंभराचा बॉण्ड चालतच नाही, किमान पाचशे झालेत. आणि भागीदारी पत्राला तर आधीपासून भांडवलाप्रमाणे शुल्क आहे: रोख भांडवल ५०,००० पर्यंत असेल तर ५०० रुपये, त्यावर एक टक्का, त्यालाही कमाल मर्यादा आहे. आमच्या ६ लाखांवर ६,००० झाले. कमी बॉण्डवर केलेलं पत्र कोर्टात पुरावा म्हणून घेत नाहीत. आधी तुटीची रक्कम आणि त्यावर महिन्याला दोन टक्के दंड भरावा लागतो. सगळं सुरळीत असेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

पाडव्याला, २२ ऑक्टोबरला सही करायची असं घरच्यांचं म्हणणं. त्या दिवशी नोटरी मिळेना. पाडव्याची तारीख टाकून नंतर नोटरी करायची सूचना आली, ती टाळली. नोटरी ज्या दिवशी सही पाहतो त्या दिवशीची नोंद करतो आणि पत्राची तारीख हीच पॅनवर संस्थेची स्थापना तारीख होते. दोन तारखा झाल्या की पुढे प्रत्येक टेबलावर खुलासा. पाडव्याला शेडमध्ये नारळ फोडला, सही ठेवली सोमवारी, २७ तारखेला.

२४ ऑक्टोबरला लातूरला स्टॅम्प व्हेंडरकडून ५०० चे १२ बॉण्ड घेतले. संस्था अजून जन्मलेली नसते, त्यामुळे बॉण्ड एका भागीदाराच्या नावाने, कारण ‘भागीदारी पत्र’. जो घेतो त्याने स्वतः जावं, आधार लागतं. बॉण्ड सहा महिन्यांत वापरला पाहिजे, म्हणून महिनाभर आधी आणून ठेवायची घाई नको, पण सहीच्या दिवशी धावपळही नको. एक बारीक गोष्ट: आमचा मसुदा १० पानांचा आणि बॉण्ड १२. उरलेले दोन कोरे मागे टाचून चालत नाही, प्रत्येक बॉण्डवर पत्राचा काही मजकूर असावा लागतो. टायपिस्टने ओळींतलं अंतर वाढवून बरोबर १२ पानं केली. प्रत्येक पानावर तिघांच्या सह्या, खाडाखोड झालेल्या एका ठिकाणी तिघांच्या छोट्या सह्या, शेवटी दोन साक्षीदार. मोकळ्या जागेवर आडवी रेघ.

सहीच्या दिवशी आम्ही एक चूक केली, ती जानेवारीपर्यंत पुरली. वहिनींनी पत्रावर मराठीत सही केली. पॅन कार्डवर त्यांची सही इंग्रजीत, आणि पॅनवर नाव माहेरचं. कुणाच्याच लक्षात आलं नाही. सहीला बसण्याआधी प्रत्येकाचं पॅन, आधार आणि मसुद्यातलं नाव शेजारी ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा. सही पॅनवर आहे तशीच करा.

पुढचं काम रांगेत लागलं. २९ ऑक्टोबरला पॅनचा अर्ज, १०७ रुपये, कार्ड १४ नोव्हेंबरला. त्याच सुमारास टॅन. १९ नोव्हेंबरला बँकेत फाइल दिली. फाइल तपासणी बाहेरच्या शहरात होते, तिथे मराठी वाचणारं कुणी नाही म्हणून इंग्रजी भाषांतर मागितलं. ते करून नोटरी करून दिलं, १,२०० रुपये. तरी पत्र मराठीतच केल्याचा पस्तावा नाही. पानपान वाचून सही करणाऱ्या वहिनी इंग्रजी मसुद्यावर नुसती सही करून मोकळ्या झाल्या असत्या. खातं ३ डिसेंबरला उघडलं आणि त्या दिवसापासून भांडवल चेकनेच जमा केलं, रोखीने एक रुपयाही नाही.

मग नोंदणी. पुष्कळ लोक भागीदारी पत्र घेऊन दुय्यम निबंधकाकडे जातात, जिथे खरेदीखतं होतात. ते कार्यालय वेगळं. भागीदारी संस्थांची नोंदणी करणारा निबंधक वेगळा, अर्ज ऑनलाइन, नमुना ‘अ’. नोंदणी सक्तीची नाही असं सर्रास सांगतात. पण नोंदणी नसलेल्या संस्थेला व्यापाऱ्याकडचे पैसे वसूल करायला करारावरून दावा लावता येत नाही, आणि भागीदाराला दुसऱ्या भागीदारावर पत्रातल्या हक्कासाठी दावा लावता येत नाही. मग अठरा मुद्दे लिहून उपयोग काय? महाराष्ट्रात स्थापनेपासून एका वर्षात अर्ज द्यायचा असतो, उशिराला दंड आहे.

अर्जात संस्थेचं नाव, धंद्याचं ठिकाण, प्रत्येक भागीदार कधी सामील झाला, पूर्ण नाव-पत्ता, मुदत. सोबत पत्राची खरी प्रत आणि जागेचे कागद. ५ डिसेंबरला अर्ज गेला. १६ तारखेला त्रुटी काढून परत आला: भागीदार क्रमांक एकचं नाव आणि सही जुळत नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आणि दोन्ही सह्या त्यांच्याच, असं प्रतिज्ञापत्र, सोबत लग्नाचा दाखला. सुदैवाने दाखला होता. २० डिसेंबरला पुन्हा भरलं. नंतरचे वीस दिवस रोज सकाळी संकेतस्थळ उघडून बघण्यात गेले. सीए म्हणाला, बघून लवकर होत नाही. ९ जानेवारीला झालं.

बाकीचे परवाने सोपे आहेत. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) फुकट आहे, संस्थेचा पॅन आणि एका भागीदाराचं आधार लागतं. नेट कॅफेत त्याचे ५०० मागतात. वीसपेक्षा कमी कामगार असतील तर शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. जानेवारी २०२६ मध्ये वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर अन्नसुरक्षेची साधी नोंदणी होती, वर्षाला १०० रुपये. जीएसटी मालविक्रीला ४० लाखांच्या आत लागत नाही, पण तेल दुसऱ्या राज्यात पाठवायचं तर पहिल्याच डब्यापासून लागतो. आम्हाला बिदर जवळ, म्हणून हे विचारून घेतलं. सध्या तरी लातूरपुरतंच.

खर्च असा झाला: बॉण्ड ६,०००, वकील ४,०००, नोटरी आणि खऱ्या प्रती ९००, भाषांतर १,२००, पॅन १०७, सीए सरकारी फी आणि टॅन धरून ५,०००. एकूण १७,२०७. हा सगळा खर्च आधी एकाच्या खिशातून गेला होता. तो संस्थेच्या वहीत ‘स्थापनेचा खर्च’ म्हणून लिहून चेकने परत केला. पावत्या जपल्या होत्या म्हणून जमलं.

मूळ पत्र वहिनींकडे आहे, कारण त्या रोज शेडवर नसतात. आमच्या दोघांकडे नोटरीच्या खऱ्या प्रती. हिशोब दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. भाड्याचं कलम मुद्दाम उघडं ठेवलंय, ३ फेजची लाइट आली की ३१ मार्च २०२७ ला त्यावर पुन्हा बसायचं. उचल वहीत पहिली नोंद १८ जानेवारीची आहे: पेंड, ४ किलो २०० ग्रॅम, खाली दाजींची सही.